पाठिंबा किती टक्के? गोवा, इराक, युक्रेन आणि माझा एक फसलेला सर्व्हे



मागच्या महिन्यात 'पेट'ची तयारी करणाऱ्या तिघांनी मला आपापल्या सिनॉप्सिसचे कच्चे मसुदे वाचायला पाठवले. तिघांचे विषय वेगळे, पण एक वाक्य तिन्हीत जसंच्या तसं होतं: 'माहिती संकलनासाठी प्रश्नावली पद्धतीचा वापर करण्यात येईल.' आणि पुढे पूर्णविराम. जणू प्रश्नावली म्हणजे थर्मामीटर. काखेत लावला, आकडा वाचला, झालं काम.

आजचा लेख त्या पूर्णविरामाबद्दल आहे. उदाहरण मी मुद्दाम अवघड घेतलंय. एखादा देश दुसऱ्याच्या जमिनीवर सैन्य घुसवतो, तेव्हा 'लोकांना काय वाटतं' हे कसं मोजतात? मोजलेला आकडा नेमकं काय सांगतो? आणि तो आकडा वाचताना आपण, म्हणजे संशोधन करू पाहणारी मंडळी, कुठे घसरतो? दुसऱ्यांवर टीका करण्याआधी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे हिशोब बरोबर राहील.

सदरमधला सर्व्हे

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मी तेव्हाही सदरला, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो. संख्याशास्त्रात एमएस्सी झालेलं, पीएचडीच्या प्रवेशाची वाट बघत होतो, आणि हातात भरपूर वेळ. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या विरोधातल्या ठरावाला १४१ मतं मिळाली, ५ विरोधात पडली, ३५ देश तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये भारत होता. मंगळवारी बाजाराजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर रोज यावरून वाद. कुणी म्हणे रशिया आपला जुना मित्र, कुणी म्हणे उद्या चीनने हेच आपल्याशी केलं तर?

मला वाटलं, वाद कशाला, मोजूया की. गूगल फॉर्म केला. प्रश्न एकच: 'रशियाने युक्रेनमध्ये केलेली लष्करी कारवाई योग्य आहे असं तुम्हाला वाटतं का?' पर्याय तीन: हो, नाही, सांगता येत नाही. लिंक व्हॉट्सॲपच्या आठ-दहा ग्रुपांवर टाकली. चार दिवसांनी उत्तरं मोजली. 'सांगता येत नाही'वाले वगळले, कारण मला ते कुंपणावर बसलेले वाटले. उरलेल्यांत 'हो'वाले निम्म्याहून बरेच जास्त निघाले. रंगीत पाय चार्ट केला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नागपूरची तरुणाई रशियाच्या बाजूने', आणि फिरवला. तो चार्ट माझ्या ओळखीबाहेरच्या ग्रुपांवरून फिरून परत माझ्याकडेच आला, तेव्हा काय छाती फुगली होती म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांचा मुलगा युक्रेनमध्ये मेडिकलला होता. त्या आठवड्यात तो एका तळघरात होता आणि फोन कधी लागायचा, कधी नाही. काकूंनी मोबाईल पुढे केला. त्यावर माझाच फॉर्म.

"हे तू केलं नं?"

"हो काकू."

"मी भरला बरं का. पण यात 'माझ्या पोराला आधी घरी आणा' असं लिहायला जागा कुठं आहे? मग मी आपलं ते तिसरं दाबलं. सांगता येत नाही."

म्हणजे ज्या बाईला त्या युद्धाबद्दल माझ्या सगळ्या ग्रुपांमधल्या कुणाहीपेक्षा जास्त काही वाटत होतं, तिचं उत्तर मी 'कुंपणावरचं' म्हणून कचऱ्यात टाकलं होतं. मुलगा पुढे 'ऑपरेशन गंगा'त सुखरूप परत आला. पण माझा चार्ट काही परत घेता आला नाही. हे सगळं लिहिण्याआधी काकूंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिही की, पोरं शिकतील."

तर शिकूया. माझ्या चुका मोजा. मी 'नागपूरची तरुणाई' म्हटलं, पण विचारलं फक्त माझ्या ग्रुपांना. मी 'लष्करी कारवाई' हा शब्द वापरला, 'आक्रमण' नाही, 'युद्ध' नाही. मी तीन पर्याय दिले आणि माणसाचं खरं उत्तर त्यात बसतं का हे पाहिलं नाही. आणि शेवटी जे उत्तर मला समजलं नाही ते टक्केवारीतून काढून टाकलं. यातली पहिली चूक सगळ्यांना माहीत असते. व्हायव्हामध्ये परीक्षकही तीच विचारतात. पण सॅम्पल चांगलं असलं की बाकीच्या चुका माफ होतात, हा मोठा गैरसमज आहे. ते बघायला आता खऱ्या, नावाजलेल्या सर्वेक्षणांकडे जाऊ.

एक वाक्य जोडलं, २५ टक्के गळाले

अमेरिकेची प्यू रिसर्च सेंटर ही संस्था सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काटेकोर समजली जाते. जानेवारी २००३ मध्ये, इराकवरच्या हल्ल्याच्या आधी, त्यांनी अमेरिकन लोकांना विचारलं की सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध. ६८ टक्के पाठिंबा, २५ टक्के विरोध. मग तोच प्रश्न एका जोडवाक्यासह विचारला: त्यात अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत झाले तरीसुद्धा? आता पाठिंबा ४३ टक्के आणि विरोध ४८ टक्के.

तोच देश, तोच काळ, तीच संस्था. सॅम्पलमध्ये खोट नाही. तरीही पहिल्या प्रश्नात बहुमत युद्धाच्या बाजूने, दुसऱ्यात विरोध पुढे. मग 'खरं' मत कोणतं?

माझं म्हणणं, दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दलची मतं आहेत. पहिल्या प्रश्नात युद्धाचा फायदा सांगितलाय, राजवट संपेल, पण किंमत सांगितलेली नाही. दुसऱ्यात किंमत सांगितली आहे. आणि बारकाईने पाहिलं तर दुसरा प्रश्नही अर्धाच आहे. त्यात फक्त अमेरिकी सैनिक हताहत होतात. इराकी माणसं दोन्ही प्रश्नांत नाहीत.

प्यूवर माझा राग नाही. उलट प्रश्न कसे लिहावेत हे शिकवताना ती संस्था स्वतःच हे उदाहरण देते. राग आहे तो फक्त ६८ उचलून 'अमेरिकेच्या जनतेला युद्ध हवं होतं' असं लिहिणाऱ्यांवर. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा टक्केवारीआधी प्रश्नाचं पूर्ण वाक्य लिहून काढा. ते सापडत नसेल तर तो आकडा वापरू नका. एवढा एक नियम पाळलात तरी अर्ध्या थिसिसांच्या पुढे जाल.

यातच आणखी एक भानगड आहे, आठवणीची. ब्रिटनमध्ये २००३ साली यूगव्हने घेतलेल्या अनेक चाचण्यांची सरासरी काढली तर इराक कारवाई योग्य मानणारे ५४ टक्के होते. २०१५ मध्ये त्याच संस्थेने विचारलं की तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं, तर 'योग्य वाटत होती' म्हणणारे निघाले ३७ टक्के. लोक खोटं बोलतात असं नाही. युद्ध बदनाम झालं की आपण आधीपासून विरोधातच होतो असं माणसाला मनापासून वाटायला लागतं. मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास ज्यांच्या विषयात आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. आज सावंतवाडी-बांद्याकडच्या एखाद्या आजोबांना '१९६१ ला तुम्हाला काय वाटलं होतं?' असं विचारलं, तर मिळणारं उत्तर १९६१ चं नसतं. ते आजचं असतं.

भीतीपोटी दिलेलं उत्तर कसं ओळखायचं?

आता रशिया. तिथल्या लेवाडा सेंटरने मार्च २०२२ मध्ये विचारलं की युक्रेनमधल्या रशियन सैन्याच्या कृतीला तुमचा व्यक्तिशः पाठिंबा आहे का. ८१ टक्के लोक हो म्हणाले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला रशियात सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा आला होता. दारावर अनोळखी माणूस वही घेऊन उभा आहे आणि विचारतोय, सैन्याला पाठिंबा आहे का? तुम्ही काय सांगाल?

यावर संशोधकांनी एक सुंदर युक्ती काढलेली आहे, लिस्ट एक्सपेरिमेंट. आपण तिला यादीचा प्रयोग म्हणू. लोकांचे दोन गट पाडायचे, चिठ्ठ्या टाकून पाडावे तसे. पहिल्या गटाला तीन निरुपद्रवी विधानांची यादी द्यायची आणि विचारायचं, यातली किती तुम्हाला पटतात? कोणती ते सांगू नका, फक्त संख्या सांगा. दुसऱ्या गटाला तीच तीन अधिक एक नाजूक विधान, म्हणजे चार. पहिल्या गटाची सरासरी समजा १.६ आली आणि दुसऱ्याची २.१, तर वरचा ०.५ हा चौथ्या विधानामुळे आलाय. म्हणजे साधारण ५० टक्के लोकांना ते पटतं. कुणी काय म्हटलं हे कुणालाच कळत नाही, विचारणाऱ्यालाही नाही. पण समूहाचं उत्तर कळतं.

एप्रिल २०२२ मध्ये चॅपकोव्हस्की आणि शाउब या दोघांनी रशियात इंटरनेटवरून हा प्रयोग केला. थेट विचारल्यावर युद्धाला पाठिंबा ६८ टक्के, यादीतून विचारल्यावर ५३ टक्के. १५ टक्क्यांचा फरक.

हा निष्कर्ष जगभर फिरला आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरला. एक बाजू म्हणाली, बघा, लोक घाबरून हो म्हणतात. दुसरी म्हणाली, बघा, भीती काढून टाकली तरी निम्म्याहून जास्त लोक युद्धाच्या बाजूनेच. अभ्यास चांगला आहे, पण वाचताना तीन गोष्टी धरून ठेवा.

पहिली: हे इंटरनेटवर छोटी कामं करून पैसे मिळवणारे लोक होते. खेड्यातली, टीव्हीसमोर बसणारी आजी त्यात नाही. म्हणून ५३ हा आकडा 'रशियाचा' नाही. मात्र ६८ आणि ५३ यांतला फरक कामाचा आहे, कारण दोन्ही एकाच प्रकारच्या लोकांकडून आलेत.

दुसरी: गुप्ततेची किंमत अचूकतेत मोजावी लागते. जरा आकडेमोड करू. समजा ३००० लोक आहेत. थेट हो-नाही विचारलंत तर ९५ टक्के खात्रीने चुकीची मर्यादा साधारण अधिक-उणे १.८ टक्के. त्याच ३००० जणांचे १५००-१५०० चे दोन गट करून यादी दिलीत आणि उत्तरांचं प्रमाण विचलन १ धरलंत, तर मर्यादा जाते अधिक-उणे ७.२ टक्क्यांवर. चौपट. पुन्हा १.८ वर यायचं तर माणसं चौपट नाही, सोळापट लागतील: ४८,०००. कारण चूक ही संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. हे ज्याला माहीत नाही तो शंभर विद्यार्थ्यांवर यादीचा प्रयोग करतो आणि मग गाईडसमोर मान खाली घालून बसतो. (विचारू नका मला कसं माहीत.)

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती: यादीचा प्रयोग फक्त भीतीवर उपाय आहे, प्रश्न चुकीचा असेल तर त्यावर नाही. लेवाडाच्याच चाचण्यांत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सैन्याच्या कृतीला पाठिंबा देणारे ७० टक्क्यांहून जास्त होते, आणि त्याच वेळी लढाई चालू ठेवण्यापेक्षा शांतता-वाटाघाटी सुरू कराव्यात म्हणणारेही निम्म्याहून जास्त. बेरीज शंभराच्या बरीच वर जाते. म्हणजे अनेक माणसं दोन्हीकडे होती. पाठिंबाही आणि थांबवाही. 'सैन्याला पाठिंबा' म्हणजे कित्येकांसाठी 'आमची पोरं तिकडे आहेत' एवढाच अर्थ असेल. काकूंचाच पर्याय, वेगळ्या भाषेत.

आता घरचं उदाहरण: गोवा

परदेशातल्या सर्वेक्षणांवर टीका करणं सोपं असतं. आपण मराठी माणसं कुठे घसरतो ते पाहायचं तर गोव्याकडे वळायला हवं.

१८-१९ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्याने 'ऑपरेशन विजय'मध्ये गोवा, दमण आणि दीव घेतलं, ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मराठी घरात याला एकच शब्द आहे: गोवामुक्ती. पण १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि भारतीय सैन्याच्या माघारीची मागणी करणारा ठराव आला, त्याच्या बाजूने ११ पैकी ७ मतं पडली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स त्यात होते. सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. पोर्तुगालसाठी ते आक्रमणच होतं. मी स्वतः याला मुक्तीच म्हणतो, त्यात मला संकोच नाही. पण माझ्या प्रश्नावलीत मी 'गोवामुक्तीला तुमचा पाठिंबा आहे का?' असं विचारलं, तर मी मत मोजत नाहीये. मी उत्तर वाढून ताट पुढे सरकवतोय.

मग त्या वेळी लोकांचं मत काय होतं हे आपण कशावरून सांगतो? सहसा चार गोष्टींवरून. एक, सत्याग्रह. १९५४-५५ मध्ये महाराष्ट्रातून तुकड्यांवर तुकड्या गेल्या. नानासाहेब गोरे, सेनापती बापट सत्याग्रहात उतरले. १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. हा पुरावा भक्कम आहे, पण तो कशाचा पुरावा आहे? सर्वांत तीव्र भावना असलेल्यांचा. जीव द्यायला निघालेला माणूस म्हणजे सरासरी माणूस नव्हे. तीव्रता आणि प्रसार या दोन वेगळ्या राशी आहेत.

दोन, निवडणुका. गोव्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी अशी गाजलेली लढत झाली आणि मेनन मोठ्या फरकाने जिंकले. याला गोव्याच्या कारवाईवरचा जनतेचा शिक्का म्हणणारे लेख अजून लिहिले जातात. बरं, हीच पद्धत पुढे नेऊ. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. ज्या काँग्रेस सरकारने सैन्य पाठवलं, त्या काँग्रेसला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेत आला, युनायटेड गोवन्स विरोधात बसला. मग गोव्याच्या लोकांना सैन्य आलेलं नको होतं असा निष्कर्ष काढायचा? कुणी काढत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण निवडणूक वेगळ्या प्रश्नावर होती: विलीनीकरण की वेगळं अस्तित्व, कूळ की भाटकार. पण जो तर्क गोव्यात चालत नाही तो मुंबईत का चालवायचा? आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाला सोपी परीक्षा आणि न आवडणाऱ्याला कडक, ही सवय संशोधकाने पहिल्यांदा स्वतःत शोधायची असते.

तीन, जनमत कौल. भारतात या प्रकारचा असा कौल विरळाच. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यातल्या लोकांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीनीकरण, खूण फूल, की केंद्रशासित प्रदेश, खूण दोन पानं. ३,८८,४३२ मतदार, ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. विलीनीकरणाला १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोव्याने विलीनीकरणवाद्या बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं! महाराष्ट्रात अनेकांना हे कोडं वाटलं. कोडं नव्हतंच. दोन वेगळे प्रश्न विचारले, दोन वेगळी उत्तरं मिळाली. जानेवारीत लोकांनी सांगितलं की आम्हाला गोवा राहायचंय, मार्चमध्ये सांगितलं की राज्य मात्र यांनीच चालवावं.

शिवाय त्या मतपत्रिकेत दोनच पर्याय होते. 'गोवा हे पूर्ण राज्य' हा पर्यायच नव्हता. तो प्रत्यक्षात यायला ३० मे १९८७ उजाडला. मला हे वाचताना काकू आठवल्या.

चार, धर्मावरून केलेला अंदाज. 'ख्रिश्चनांनी विलीनीकरण पाडलं' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. 'ख्रिश्चनांना पोर्तुगीजच हवे होते' हा त्याचाच मोठा भाऊ. दुसऱ्या वाक्याला इतिहासच उत्तर देतो. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा कोण होते? १८ जून १९४६ ला मडगावला डॉ. लोहियांबरोबर उभे राहिलेले डॉ. ज्युलियाव मिनेझिस कोण होते? पहिल्या वाक्यासाठी मात्र साधं गणित पुरेसं आहे. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिश्चन ४० टक्क्यांपेक्षा कमी होते. तरी आपण पूर्ण ४० धरू आणि मतदारांमध्येही तेच प्रमाण मानू. ३,८८,४३२ चे ४० टक्के म्हणजे साधारण १,५५,३७०. आता टोकाचं गृहीत धरा: यातला एकूण एक ख्रिश्चन मतदार मतदानाला गेला, कुणी आजारी नाही, कुणी गावाबाहेर नाही, आणि प्रत्येकाने दोन पानांवरच शिक्का मारला. तरीही १,७२,१९१ गाठायला जवळजवळ १७ हजार मतं कमी पडतात. ती मतं ख्रिश्चन नसलेल्यांचीच असणार. प्रत्यक्षात कुठलाच समाज शंभर टक्के मतदान करत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार.

याला म्हणतात सीमा काढणं. व्यक्तीचं मत माहीत नाही, फक्त बेरजा माहीत आहेत, तरी 'निदान इतकं तरी असलंच पाहिजे' हे सिद्ध करता येतं. गुंतागुंतीचं मॉडेल लावण्याआधी कागदावर ही चार ओळींची वजाबाकी करून बघा. पुष्कळदा एखादी लोकप्रिय समजूत तिथेच कोसळते.

जिथे आकडाच नाही

शेवटी परत सदरला येतो. आमचा हा रेसिडेन्सी रोड. रोज हजारो गाड्या जातात, नावाचा विचार कोण करतो? रेसिडेन्सी म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटाची. १८१६ साली आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला, परकं सैन्य राज्याच्या खर्चाने राज्यात येऊन राहिलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, भोसल्यांचा पराभव झाला, आणि पुढे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती कारभार गेला. १८५४ पर्यंत राज्यच खालसा झालं.

नागपूरच्या लोकांना त्या फौजेबद्दल काय वाटत होतं? त्या काळच्या नागपूरचं तपशीलवार वर्णन हवं असेल तर आपण जेंकिन्सचाच १८२७ चा अहवाल उघडतो. गावं, पिकं, जाती, महसूल, सगळं त्यात आहे. काम मेहनतीचं आहे यात वाद नाही. पण तो जिंकलेल्याने जिंकलेल्या मुलखाबद्दल लिहिलेला आहे. त्यातल्या विणकराचं किंवा कुणब्याचं मत हे रेसिडेंटाच्या कारकुनासमोर दिलेलं उत्तर आहे. दारावर वही घेऊन उभा असलेला माणूस २०२२ च्या मॉस्कोतच होता असं थोडंच आहे?

म्हणून जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं. कुणी विचारलं, कुणाला, कोणत्या शब्दांत, कोणते पर्याय देऊन, खरं सांगितलं असतं तर काय भोगावं लागलं असतं, आणि कुणाचं उत्तर मोजताना वगळलं, हे प्रश्न प्रश्नावलीला जेवढे लागू आहेत तेवढेच दप्तरखान्यातल्या कागदालाही.

मग करायचं काय?

मी आता काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. प्रश्नावली अंतिम करण्याआधी पाच-सहा जणांसमोर बसून ती भरून घेतो आणि त्यांना मोठ्याने विचार करायला सांगतो. 'हा शब्द वाचून डोक्यात काय आलं?' हे विचारतो. एकाच प्रश्नाच्या दोन शब्दरचना करून अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरी देतो. फरक आला तर तो फरकच माझा निष्कर्ष म्हणून लिहितो, लपवत नाही. 'सांगता येत नाही' वेगळं मोजतो, आणि टक्केवारी सगळ्यांवर काढतो. आणि प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी मोकळ्या सोडतो.

यातलं काहीच नवं नाही, पुस्तकांत सगळं आहे. मीही परीक्षेला लिहून आलो होतो, मार्कही मिळाले होते. तरी चुकलो, कारण 'लोक' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे चार्टवरचे रंग होते, माणसं नव्हती.

मागच्या वर्षी एका सर्वेक्षणाचा कच्चा फॉर्म काकूंकडे नेला होता, विषय पूर्ण वेगळा. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, खालच्या मोकळ्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही जागा बरी ठेवलीस." मग ती जागा पूर्ण भरली, आणि वर कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहिलं.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आज उघडा. पूर्णविराम खोडा, आणि पुढे निदान एक परिच्छेद लिहा. अडलात तर मला पाठवा, आपण मिळून बघू.